शिफारसपत्रात लिहायला आपल्याकडे काय असतं?

पोस्ट मोठी आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या पोरांची गोष्ट आहे, म्हणून वेळ काढून वाचा. शिक्षकांनी वाचा, पालकांनी वाचा, शाळा-कॉलेज चालवणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या कॉलेजच्या एका मुलीने यंदा बारावीनंतरच्या पदवीसाठी अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत अर्ज केला. घरी दोन एकर धानाची शेती. आई रोवणीला, कापणीला दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने जाते. पोरगीही जाते. तिचं नाव, गाव लिहीत नाही, कारण निकाल मार्चअखेर लागायचा आहे आणि तोपर्यंत तिला लोकांच्या प्रश्नांचा ताप नको.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "पैसे कुठून आणणार?" तर ते आधी सांगून टाकतो. अमेरिकेतल्या मोठ्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च आज ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची निवड करतानाही त्याची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली तर घरच्याला जे परवडत नाही ते स्वतः भरतात. निवड होणं मात्र महाकठीण. यातल्या बहुतेक ठिकाणी शंभर अर्जांमागे पाच जणांनाही जागा मिळत नाही. त्यामुळे ही पोस्ट "आपली पोरगी अमेरिकेला चालली" अशी नाही. ही पोस्ट त्या अर्जासोबत जाणाऱ्या एका कागदाबद्दल आहे. शिक्षकाच्या शिफारसपत्राबद्दल.

आपल्याकडे बारावीनंतरचं सगळं गुणांवर ठरतं. जेईई, नीट, सीईटी. संगणक तपासतो, यादी लागते, विषय संपला. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांना गुणांसोबत शिक्षकाचं पत्र लागतं. अनेक विद्यापीठांचा मिळून 'कॉमन ॲप' नावाचा एक ऑनलाइन अर्ज आहे. त्यात मुलगी शिक्षकाचा ईमेल टाकते, शिक्षकाला थेट लिंक येते, पत्र शिक्षकच चढवतो. पत्र आपण वाचणार नाही, असं विद्यार्थी बहुधा आधीच लिहून देतो, म्हणजे शिक्षकाने मोकळेपणाने लिहावं. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो. त्यांना दोन पत्रं लागतात, एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचं.

आता आपली पद्धत आठवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असतात. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. जिल्ह्यातल्या हजारो पोरांच्या दाखल्यावर हेच दोन शब्द. वर्गात पहिला आलेल्यालाही तेच आणि वर्षभर न दिसलेल्यालाही तेच. बारावी विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. ते शिक्षकांच्या हातात असतात. त्यात किती जणांना २८, २९ पडतात ते इथले पालक जाणतात, पोरं जाणतात, आम्ही तर जाणतोच. कोणाचं वाईट करायचं नाही म्हणून सगळ्यांना सारखं. भावना चांगली आहे. पण याचा परिणाम काय झाला? शिक्षकाच्या शब्दाची किंमत शून्य झाली. सगळेच चांगले म्हणजे शिक्षकाने काहीच सांगितलं नाही.

आणि मग एक दिवस दूर देशातून विचारणा येते की या मुलीबद्दल तुम्ही स्वतः काय पाहिलं ते सांगा. तेव्हा लिहायला आपल्याकडे काय असतं?

या पोकळीत धंदा शिरला आहे. परदेशी शिक्षणाचं काम करणारी काही मंडळी पत्र तयारच करून देतात. मुलीच्या ओळखीतून अशाच एका एजन्सीचा मुलगा माझ्याकडे आला होता. वागायला भला होता. लॅपटॉपवर दीड पानाचं झकास इंग्रजी पत्र. "सर, तुमी फक्त ईमेल द्या, बाकी आमी पाहून घेतो." पत्रात लिहिलं होतं की ही मुलगी जन्मजात नेता आहे, तिची जिज्ञासा अमर्याद आहे आणि ती वर्गाचा प्राण आहे. ते पत्र कोणाचंही असू शकलं असतं. नागपूरच्या पोराचं, हैदराबादच्या पोराचं. नाव बदललं की झालं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "सगळे असंच करतात जी." करतही असतील. पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्या पोरांना तर कितीतरी ठिकाणी प्राध्यापकच सांगतात, तूच लिहून आण, मी सही करतो. पण ज्या पत्रात मी पाहिलेलं एकही वाक्य नाही, त्याखाली माझं नाव कशासाठी?

मी पाहिलेलं काय होतं, ते सांगतो.

ती अकरावीत होती. धान निघाले होते, खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा होत्या. आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, धानात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला की माल परत, नाहीतर वाळवून आणा. तिच्या वडिलांचा माल परत आला. मीटरने १८ च्या वर दाखवलं. घरी, पारावर एकच चर्चा, मीटर खोटा आहे. पोरगी दुसऱ्या दिवशी पिशवीत धान घेऊन आली आणि म्हणाली, "सर, आपल्या लॅबमधल्या काट्यावर मोजू का जी?"

तिने धान तोलले, ताटात पसरून दोन दिवस उन्हात वाळवले, पुन्हा तोलले. वजन साधारण १० टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे ओलावा १० टक्के, आणि मीटर सांगतो १८! घरच्यांना हवं तेच उत्तर आलं होतं. इथेच कोणीही थांबलं असतं. मोबाईलवर व्हिडिओ करून टाकला असता, तर गावात वाहवाही झाली असती.

ती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "सर, उन्हानं सगळंच पाणी निघालं, हे कसं समजायचं?"

अनेक वर्षं शिकवतोय. असा प्रश्न फार थोड्या पोरांनी विचारला आहे. उत्तर मी दिलं नाही. एवढंच म्हटलं की सगळं पाणी निघालं असेल तर आणखी तापवल्यावर काय व्हायला पाहिजे, ते तूच सांग. ती म्हणाली, वजन तेवढंच राहायला पाहिजे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक जुना ओव्हन आहे. त्यात ती नमुना ठेवायची, काढून तोलायची, पुन्हा ठेवायची. मधेच लाइन जायची, मग पहिल्यापासून. वजन घटायचं थांबेपर्यंत तिने हे केलं. नमुने बदलून पुन्हा केलं. ओलावा १८ टक्क्यांच्या आसपासच आला.

मीटर बरोबर होता.

आणि तिने ते घरी सांगितलं. पारावर सांगितलं. माल परत आल्याने ज्याचं नुकसान झालं होतं त्या स्वतःच्या बापाला सांगितलं. वडील माझ्याकडे आले तेव्हा हसत होते, पण थोडे दुखावलेलेही होते. म्हणाले, "गुरुजी, पोरगी माह्याच इरोधात गेली." मग जरा थांबून, "पन खरं बोलली."

हेच मी पत्रात लिहिलं. नेता नाही, प्राण नाही, अमर्याद काही नाही. धान, काटा, ओव्हन, तो एक प्रश्न आणि पारावर सांगितलेलं नको असलेलं उत्तर.

पत्र मी आधी मराठीत लिहिलं. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. शिक्षकाला इंग्रजी येत नसेल तर स्वतःच्या भाषेत लिहून सोबत भाषांतर जोडायची सोय असते, हे आपल्या बहुतेक शिक्षकांना माहीतच नाही. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी भाषांतर केलं. त्या करताना एक गंमत लक्षात आली. 'हुशार', 'कष्टाळू', 'नम्र' हे शब्द इंग्रजीत गेले की हवेत विरतात, कारण जगातल्या प्रत्येक पत्रात तेच असतात. काटा आणि ओव्हन मात्र जसेच्या तसे पोचतात. म्हणून आम्ही विशेषणं काढत गेलो. 'रोवणी' तेवढी समजवावी लागली. चिखलात दिवसभर वाकून एकेक रोप लावणं म्हणजे काय, हे तीन वाक्यांत लिहावं लागलं.

रोवणी लिहिणं गरजेचं होतं, कारण जुलैत तिची हजेरी कमी आहे आणि त्याचं कारण सांगणारा शिक्षकाशिवाय दुसरा कोणी नाही. मी तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "रोवणीचं लिहा जी सर. पन गरीब आहे मनून घ्या, असं नोका लिहू." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आहे. आपण गरीब पोराबद्दल बोलायला लागलो की दोनच सूर लावतो, एक तर दया, नाहीतर चिखलातलं कमळ. तिला दोन्ही नको होते. तिला हजेरीचा हिशेब द्यायचा होता. मी तेवढाच दिला.

पत्रासोबत एक तक्ता भरायचा असतो. लेखन, वर्गातली चर्चा, प्रामाणिकपणा, चिकाटी असे मुद्दे आणि पुढे रकाने. सरासरीपेक्षा कमी, सरासरी, चांगला, खूप चांगला, वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या पाच टक्क्यांत आणि शेवटचा, 'माझ्या नोकरीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक'. प्रामाणिकपणापुढे मी शेवटचा रकाना भरला. वर्गातल्या चर्चेपुढे 'चांगला' एवढंच भरलं, कारण ती वर्गात फार बोलत नाही, नंतर येऊन विचारते. एक सहकारी म्हणाला, "काऊन कमी दिलं बाप्पा, पोरीचं नुकसान करता का?" माझं म्हणणं असं की सगळीकडे शेवटचाच रकाना भरला तर तो दाखल्यावरच्या 'वर्तणूक : चांगली'सारखाच झाला. एका ठिकाणी खरं सांगितलं, म्हणून दुसऱ्या ठिकाणचं खरं वाटतं.

या तक्त्यात आणखी एक रकाना असतो, 'मत देण्याइतकी माहिती नाही'. त्याबद्दल पुढे बोलतो.

शिक्षकाच्या शब्दाने काय होतं, याचं आपल्या घरातलंच उदाहरण आहे. बाबासाहेब. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतल्या विल्सन हायस्कूलचे शिक्षक. भीमराव शिकायचे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. म्हणजे शाळा वेगळी, वर्ग वेगळा, जात वेगळी. केळुसकरांनी या पोराला चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसलेलं पाहिलं आणि चौकशी केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे पैशाअभावी कॉलेज अडायची वेळ आली, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ ला बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ ला लंडनला गेले, तेव्हा कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी शिफारसपत्र दिलं होतं. याच सेलिग्मननी १९२५ ला बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तावरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. कर्तृत्व बाबासाहेबांचं, यात वाद नाही. पण केळुसकरांनी काय केलं? पाहिलं, आणि जिथे सांगायला पाहिजे तिथे सांगितलं. एवढंच, पण तेवढं केलं.

(याच बाबासाहेबांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्याने पाडलं. शिफारस करायची वेळ आपल्यावर आली होती, तेव्हा आपण काय केलं, हेही आठवणीत असू द्यावं.)

शेजारचं, अलीकडचं उदाहरण डॉ. भास्कर हलामी यांचं. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे, आदिवासी कुटुंबातले. आश्रमशाळा, मग केळापूरचं विद्यानिकेतन, गडचिरोलीत बीएस्सी, नागपुरात एमएस्सी, आणि पुढे अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात पीएच.डी. करून तिथेच औषध संशोधनात वरिष्ठ शास्त्रज्ञ. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात वाढलेली श्वेता कट्टी २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात गेली. बिहारच्या महादलित वस्तीतला प्रेम कुमार २०२२ ला पूर्ण शिष्यवृत्तीवर लाफायेट कॉलेजला निवडला गेला. श्वेता आणि प्रेमच्या मागे ओळखणाऱ्या, कागद नीट करणाऱ्या संस्था होत्या. आपल्या विदर्भातही राजू केंद्रे यांच्या एकलव्यसारख्या संस्था हे काम करताहेत. पण संस्था किती ठिकाणी पुरणार? शिक्षक मात्र प्रत्येक गावात आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल, मास्तर अमेरिकेच्या प्रेमात पडले. शिफारसपत्राचा इतिहास काही स्वच्छ नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये परीक्षेच्या जोरावर ज्यू विद्यार्थी वाढू लागले. ते तिथल्या धुरिणांना खुपलं. मग गुणांसोबत 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' बघायला सुरुवात झाली, पत्रं आणि मुलाखती आल्या. नको असलेल्या हुशार पोराला बाहेर ठेवायची ती सोय होती. आपल्याला हे नवीन नाही. तोंडी परीक्षेत, मुलाखतीत आडनाव ऐकून गुण कसे बदलतात, हे आपल्या कित्येक पोरांनी भोगलं आहे. म्हणूनच आपल्या लोकांचा लेखी परीक्षेवर विश्वास आहे आणि तो रास्त आहे. कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ तर आजही बहुतेक अर्जदारांकडून शिफारसपत्र मागत नाही. ज्या शाळेत एकेका शिक्षकावर शेकडो पोरं, तिथल्या पोराला चांगलं पत्र कोण देणार, हा प्रश्न खराच आहे.

म्हणून नीट आणि सीईटी बंद करून पत्रं आणा, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पत्र नावाची गोष्ट जगात आहे, ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळांच्या पोरांना मिळते, तिथे या कामासाठी पगारी समुपदेशक असतात. आमच्या कॉलेजात ते पद नाही, कारकुनाचं पदही रिकामं आहे. त्या अर्जात शाळेची माहिती देणारं एक पान लागतं, ते आम्ही पहिल्यांदा तयार केलं. म्हणजे आपली पोरगी जेव्हा अर्ज करते, तेव्हा ती एकटी कमी पडत नाही. तिच्यामागे उभं राहणारं आख्खं कॉलेज कमी पडतं.

आता तो 'माहिती नाही'चा रकाना. आपल्या भागात 'टायअप' काय असतं ते सांगायची गरज नाही. नाव इकडच्या कॉलेजात, पोरगं नागपूरला, लातूरला, कोट्याला क्लासमध्ये. हजेरी कागदावर, पोरगं थेट प्रात्यक्षिक परीक्षेला दिसतं. अशा पोराबद्दल मला कोणी विचारलं तर प्रामाणिकपणे एकच रकाना भरता येईल, माहिती नाही. क्लासवाल्याला त्याचे टेस्टचे गुण माहीत, कॉलेजला त्याचा रोल नंबर माहीत. तो प्रश्न कसा विचारतो, हरल्यावर काय करतो, नको असलेलं उत्तर आलं तर ते सांगतो की लपवतो, हे कोणालाच माहीत नाही. सोळा ते अठरा वर्षांच्या वयात ज्याला कोणत्याही मोठ्या माणसाने नीट पाहिलेलं नाही, अशी पिढी आपण तयार करतोय. अमेरिका बाजूला ठेवा, हे आपलं स्वतःचं नुकसान आहे.

तर काही गोष्टी सुचवतो. यातल्या कशालाच मंत्रालयाचा जीआर लागत नाही.

एक. प्रत्येक शिक्षकाने एक साधी वही ठेवावी. पोराने काही वेगळं विचारलं, केलं, की तारीख टाकून दोन ओळी. मी ठेवतो. धानाची गोष्ट वहीत होती म्हणूनच वर्षभराने तपशिलासकट लिहिता आली.

दोन. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने शाळेच्या माहितीचं एक पान इंग्रजीत तयार ठेवावं आणि शिक्षकांना कॉलेजच्या नावाचा ईमेल द्यावा. खर्च जवळपास काही नाही.

तीन. जिल्हा परिषदेने किंवा 'डाएट'ने सातही तालुक्यांतून दोन-दोन शिक्षकांना हे काम शिकवावं. पत्र कसं लिहायचं, फी माफीचा अर्ज कसा करायचा, मुदती कोणत्या. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, तिच्यासाठी आधी परदेशी विद्यापीठात प्रवेश लागतो आणि त्या प्रवेशालाही बहुधा शिफारसपत्रं लागतातच. म्हणजे हे काम दोन-चार पोरांपुरतं नाही.

चार. जिल्ह्यातल्या निवृत्त इंग्रजी शिक्षकांनी भाषांतराला हात द्यावा. तयार असाल तर कमेंटमध्ये नुसतं 'हो जी' लिहा, मी संपर्क करतो.

पाच, शिक्षक मित्रांनो, हे आपल्यासाठी. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याच्याच 'हो'ला किंमत असते.

पोरीचं काय होईल सांगता येत नाही. निवड झाली तरी पुढे व्हिसा आहे, आणि २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे कशा थांबल्या होत्या ते आपण पाहिलं. तिने सीईटीचा फॉर्मही भरणार असल्याचं सांगितलं आहे. शहाणी आहे. अमेरिकेचं नाही झालं तर नागपूर, पुणे, कुठेतरी शिकेल आणि चांगलं शिकेल.

पण तिच्या वर्गात आणखी चाळीस जण आहेत. त्यातल्या किती जणांबद्दल आपण पाहिलेली, खरी चार वाक्यं लिहू शकू? शिक्षकांनी आज आपापल्या वर्गाची यादी समोर घेऊन हे करून बघावं. ज्या नावापुढे पेन अडेल, त्या पोराशी उद्या बोलावं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर का नाही ते खाली लिहा, उत्तर देईन.